पोटाचा नव्हे, गर्भाशयाचा

वहिनी,

तुम्हाला जाऊन आठवडा होत आला. घरी अजून लोक येतात. दाराशी बुटांचा ढीग असतो. ओट्यावर कुणीतरी आणून ठेवलेली खिचडी, कढी, वरणभात असतो. येणारा दादाशेजारी बसतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "कसला होता?" दादा तोंड उघडायच्या आत दुसरंच कुणीतरी सांगून टाकतं, "पोटाचा."

परवा मराठी मंडळातल्या सबनीस काकू आपल्याच फोनवरून कुणाला तरी हेच सांगत होत्या. मी चहा गाळत होतो. गाळणं हातात घेऊनच बाहेर आलो आणि म्हणालो, "काकू, पोटाचा नव्हता. गर्भाशयाचा होता. सार्कोमा." काकूंनी रिसीव्हरवर हात दाबला. दादानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू भरल्या घरात मी काही अभद्रच बोललो होतो. गाळण्यातून चहा गालिच्यावर ठिबकत होता.

तुम्ही असतात तर हसला असतात. हा शब्द मोठ्यानं म्हणायला तुम्हीच तर मला शिकवलंत. माझ्या तोंडी आधी 'पिशवी' होतं, आपल्या सगळ्यांच्या घरी असतं तसं. "पिशवी भाजीची असते, भावजी," तुम्ही म्हणाला होतात. "माझ्या अवयवाला नाव आहे."

मी एमएस करायला अमेरिकेत, सनीव्हेलला आलो तेव्हा दोन बॅगांसह तुमच्या सोफ्यावरच उतरलो होतो. दादा माझ्याहून पुष्कळ मोठा, त्याच्याशी माझं बोलणं कामापुरतं. घरात बोलायला तुम्हीच. नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी बाई इथं चिपच्या कारखान्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवून दिवसभर मायक्रोस्कोपखाली सिलिकॉनच्या चकत्या तपासायची, आणि संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता माझ्याशी भांडायची. आपण कशावरून भांडलो नाही? डार्विनवरून, तुमच्या लेकीनं, मीरानं, मराठीत उत्तर द्यावं की नाही यावरून, आमटीत गूळ घालावा की नाही यावरून. गुळावर तुमचं नागपूर कधीच आमच्या पुण्याला शरण गेलं नाही. नोकरी लागल्यावर मी वेगळं अपार्टमेंट घेतलं तेही तुमच्याच कॉम्प्लेक्समध्ये, ही भांडणं चालू राहावीत म्हणून. हे मात्र तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

दुखणं माझ्यासमोर आलं ते सुपरमार्केटमध्ये. दुधाच्या कपाटाजवळ तुम्ही एकदम ट्रॉली घट्ट धरलीत आणि खाली बसलात. चेहरा पांढराफटक. गाडीत बसायच्या आधी विचारलंत, "भावजी, सीटवर टाकायला टॉवेल आहे का?" मला काही कळेना. मी जिमच्या बॅगेतला टॉवेल काढून दिला. रस्त्याला लागल्यावर तुम्ही समोर बघत सांगितलंत, "महिना होऊन गेला, रक्त जायचं थांबत नाहीये. मैत्रिणी म्हणतात चाळिशी उलटल्यावर असंच होतं. मीही तेच म्हणत होते."

माझे कान तापले होते. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "लाजायला वेळ असता तर मी पण लाजले असते. डॉक्टरकडे न्या मला."

गर्भाशयात गाठी निघाल्या. फायब्रॉइड. डॉक्टर म्हणाले, या वयात कितीतरी बायकांना असतात. तरी खात्री म्हणून क्युरेटिंग केलं, आतलं अस्तर खरवडून तपासायला पाठवलं. रिपोर्ट स्वच्छ आला. त्या संध्याकाळी दादानं स्वतः शिरा केला, तळाशी लागलेला, आणि आपण तो चाटून पुसून खाल्ला.

मग पोट वाढायला लागलं. दर महिन्याला थोडं नव्हे, भराभर. पँटचं बटण लागेना. दर थोड्या वेळानं बाथरूमला जावं लागायचं, कंबर भरून यायची, जेवण दोन घासांत अडायचं. मंडळाच्या गणपतीला तुम्ही साडी नेसून आलात आणि शाळेच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये सबनीस काकू तुमच्या पोटाकडे बघून कानाशी लागल्या, "काय गं, गोड बातमी? मीराला सोबत?" मी मागेच पुऱ्यांच्या रांगेत उभा होतो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नाही हो काकू, गाठ आहे." काकूंचा हात तुमच्या दंडावर तसाच राहिला. तुम्ही ताट भरून घेतलंत आणि त्यांच्याच शेजारी बसून जेवलात, त्यांना फार वाईट वाटू नये म्हणून. हे काकूंना आठवतं. त्याच दिवसाचं सांगत त्या परवा रडल्या. 'पोटाचा' म्हणतात म्हणून मी त्यांच्यावर रागावलो खरा, पण तुमच्यासाठी त्या रडल्या आहेत, हेही तुम्हाला कळावं.

ऑपरेशन झालं. गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली. टाके काढायच्या दिवशी सर्जनबाईंनी आपल्याला आत बोलावलं. दादा होता, तरी तुम्ही मला सोबत नेलंत. "तुमचा दादा ऐकतो, पण त्याला ऐकू जात नाही," म्हणालात. त्या दिवशीही तसंच झालं. बाई म्हणाल्या, गाठ साधी नाही. लियोमायोसार्कोमा. दादा टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला आणि त्यानं विचारलं, "पण रिपोर्ट तर स्वच्छ होता?"

बाईंनी समजावलं. गर्भाशयाचा नेहमीचा कॅन्सर अस्तरात होतो, तो खरवडल्यावर सापडतो. हा क्वचित होणारा आहे, तो स्नायूत, भिंतीच्या जाडीत वाढतो. खरवडण्यात कधी सापडतो, पुष्कळदा नाही. बाहेरून फायब्रॉइडसारखाच दिसतो आणि बहुतेक वेळा काढून मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावरच कळतो. परतताना गाडीत दादा आधीच्या डॉक्टरांना शिव्या देत होता. मागच्या सीटवरून तुम्ही म्हणालात, "फरशी पुसून भिंतीतली वाळवी दिसते का रे? त्यांनी पुसायची ती फरशी पुसली."

आठवड्याभरानं तुमचा फोन आला. "भावजी, उद्या सुट्टी काढा. मला माझी स्लाइड बघायचीय."

असं कुणी मागत नसावं, कारण हॉस्पिटलात आपल्याला बऱ्याच खिडक्यांवर फिरावं लागलं. शेवटी तळघरातल्या लॅबमधले एक वयस्क पॅथॉलॉजिस्ट तयार झाले. त्यांच्याकडे दोघांना एकाच वेळी बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. तुम्ही बसलात, चष्मा कपाळावर सरकवलात, न विचारता फोकस लावलात. ते तुमच्याकडे बघत राहिले. बराच वेळ तुम्ही बोटानं स्लाइड केसाकेसानं सरकवत होतात. मग मला त्यांच्या जागी बसवलंत.

"बघा. लांबट पेशी दिसतायत? या स्नायूच्या. आणि ही बघा, ही दुभंगतेय. मायटोसिस. पोरींना मी हे कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर शिकवायचे. एखादी अशी पेशी सापडली की वर्गात आरडाओरडा व्हायचा, मॅडम सापडली, मॅडम सापडली." तुम्ही स्लाइड जरा सरकवलीत. "इथं शोधावं लागत नाही. जिकडे बघावं तिकडे."

तुमचा आवाज अगदी वर्गातला होता. मला नुसते जांभळे-गुलाबी डाग दिसत होते, पण तुमच्या आवाजावरून कळलं. पॅथॉलॉजिस्टनी विचारलं, अजून काही हवंय का. तुम्ही म्हणालात, "नाही. छान रंगवलीय स्लाइड." पार्किंगमध्ये आल्यावर गाडीच्या टपावर डोकं टेकवून तुम्ही रडलात. मी शेजारी उभा राहिलो. पाठीवर हात ठेवावा की नाही हे मला कळेना. दीर भावजयीच्या पाठीवर हात ठेवत नाही, असं आपल्या घरात कुणी सांगितलेलं नव्हतं, पण ठेवतही नाहीत. मी ठेवला.

मीराला सांगायचं की नाही यावर तुमचं आणि दादाचं खूप वाजलं. दादाचं म्हणणं, ती लहान आहे, शाळेत जाते, खेळते, तिला कशाला. तुम्ही म्हणालात, "तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती मला कधी माफ करणार नाही." आणि एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पेपर नॅपकिन घेऊन त्यावर पेनानं गर्भाशय काढलंत. सुबक, प्रॅक्टिकलच्या वहीतल्यासारखं, नावं देऊन. मी आणि दादा समोर होतो. तुम्ही मराठीत सांगत होतात, ती इंग्रजीत विचारत होती.

"इज दॅट व्हेअर आय वॉज?"

"हो. इथंच होतीस तू."

ती चित्राकडे बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "डिड आय ब्रेक इट?"

दादा उठून बाल्कनीत गेला. तुम्ही तिला मांडीवर घ्यायला गेलात, ऑपरेशनची जखम दुखली, म्हणून तिचं तोंड हातात धरलंत. "नाही गं राणी. तू होतीस तेव्हा ते अगदी छान होतं. तू बाहेर आल्यावर कितीतरी वर्षांनी बिघडलं."

"सो आय शुड हॅव स्टेड."

तुम्ही हसायला लागलात. पोटावर उशी दाबून हसत होतात आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, तीही हसायला लागली, आणि बाल्कनीतून दादा आत बघत होता. वहिनी, त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार मानायचे राहिले. मीरानं या महिन्यांत खूप काही पाहिलं, पण तिला कुणी फसवलेलं नाही.

मग रेडिएशन. दादाची कंपनी डेडलाइनवर होती, मी मॅनेजरशी बोलून उशिरा कामावर जायची सोय केली आणि रोज सकाळी तुम्हाला नेऊ लागलो. सर्जनबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, किरणांनी ओटीपोटातली जागा राखली जाईल, पण हा आजार रक्तातून फुफ्फुसाकडे जातो, तिथं किरण पोचायचे नाहीत. तुम्ही मान डोलावलीत. पुढे पुढे जुलाबांनी तुम्ही पार वाळून गेलात. ओटीपोटावरची कातडी भाजल्यासारखी काळी पडली, साडी, पँट काही सहन होईना, म्हणून माझ्या आईनं पाठवलेल्या मऊ सुती परकरांवर सैल शर्ट घालून यायचात. वेटिंग रूममध्ये बाकीच्या बायकांना तो वेष फार आवडायचा. एकीनं परकर शिवून मागितला आणि तुम्ही खरंच शिवून दिलात.

मधले काही महिने चांगले गेले. तुम्ही परत कामावर गेलात. समुद्रावर गेलो, तिथं बोचऱ्या वाऱ्यात मीराला खडकांवरचे शिंपले, समुद्रफुलं दाखवत तुम्ही गुडघाभर पाण्यात उभ्या होतात आणि दादा काठावरून "पुरे आता" म्हणून ओरडत होता. त्या दिवशी मला वाटलं होतं, सुटलो.

पुढच्या एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांत ठिपके होते. गोल, कडा अगदी रेखीव. तुम्हाला खोकलासुद्धा नव्हता.

केमोथेरपीचं ते औषध लाल होतं, कोकमाच्या सरबतासारखं. नर्स ते स्वतः बसून हळूहळू शिरेत सोडायची. त्यानं हृदयाला इजा होते म्हणून अधूनमधून हृदयही तपासायचे. पहिल्या दोन खेपांतच डोक्यावरचे केस गेले. घरी येईपर्यंत उलट्या सुरू व्हायच्या. गाडीत मी प्लॅस्टिकचं घमेलं ठेवलं होतं. तुम्ही ते मांडीवर धरून म्हणायचात, "रस्त्याकडे बघा, माझ्याकडे बघू नका." तोंड इतकं सोलवटून यायचं की नुसतं ताकही झोंबायचं. आणि एवढं सोसून ठिपके काही काळ आहेत तेवढे राहिले, मग वाढले.

आपलं शेवटचं भांडण त्यानंतरचं. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक औषध देऊन बघता येईल, थोड्या जणींना थोडे महिने उपयोग होतो. तुम्ही "नको" म्हणालात. दादा काहीच बोलेना, म्हणून मी बोललो. मी म्हणालो, तुम्ही सायन्सच्या, तुम्हीच प्रयोग अर्ध्यात कसा सोडता?

"तुम्ही चिपा टेस्ट करता ना, भावजी? नापास झालेली चिप पुन्हा पुन्हा टेस्ट करून पास होते का?"

"माणूस म्हणजे चिप नव्हे, वहिनी."

"तेच म्हणतेय मी. मला मीराचे केस विंचरायचे आहेत. घमेलं मांडीवर घेऊन ते जमत नाही."

"आणि त्या थोड्या जणींमध्ये तुम्ही असाल तर?"

तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलंत, तेवढ्यात शाळेची बस आली, मीरा दप्तर टाकत आत आली आणि विषय तिथंच राहिला. नंतर मी तो काढला नाही. तुम्ही थकलेल्या दिसायचात. पण वहिनी, मला अजून पटलेलं नाही. तुम्ही मीराचे केस रोज विंचरलेत हे मी पाहिलं, अगदी दारातल्या नर्सला थांबवून विंचरलेत हेही पाहिलं, तरी पटत नाही. तुम्ही समोर असतात तर आजही भांडलो असतो आणि बहुतेक हरलो असतो.

नागपूरला तुमच्या आईंना, माईंना, दादानं एवढंच कळवलं होतं की पिशवी काढली, आता बरी आहे. त्यांचं वय झालंय, एकट्या असतात, म्हणून. औषध थांबवल्यावर एका सकाळी तुम्ही मला नंबर लावायला सांगितलात. पलीकडून "हॅलो, हॅलो" ऐकू आल्यावर माझ्या हातातून फोन घेतलात. "आई, मी बरी होणार नाहीये. तू ये." इतकंच. पलीकडून काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही. तुम्ही फक्त "हो," "हो," म्हणत होतात, लहान मुलीसारख्या.

पण माईंना पासपोर्टही नव्हता. तो होईपर्यंत, मग मुंबईला जाऊन व्हिसा मिळेपर्यंत आठवडे गेले. इकडे तुम्हाला दम जिना चढताना लागायचा तो बसल्या बसल्या लागायला लागला. छातीत पाणी झालं, ते काढलं, पुन्हा झालं. हॉलमधला सोफा हलवून तिथं हॉस्पिटलची कॉट आणि ऑक्सिजनची टाकी आली. घरी येणारी नर्स जिभेखाली मॉर्फिनचे थेंब द्यायला शिकवून गेली. दादा ते द्यायला शिकला. ज्या माणसाला डॉक्टरांचं बोलणं ऐकू जात नव्हतं, तो तुमच्या श्वासाच्या आवाजावरून सांगायचा की आता थेंब द्यायला हवेत. हे तुम्ही पाहिलंत ना? पाहिलं असणार.

शेवटच्या दुपारी ऊन कॉटवर आलं होतं. मीरा तुमच्या पायाशी बसून शाळेतलं काहीतरी वाचत होती, तुम्हीच तिला वाचायला सांगितलं होतं. तुम्ही डोळे उघडून मला विचारलंत, "आईचं विमान?"

"मुंबईहून सुटलंय, वहिनी. आत्ताच फोन आला."

"म्हणजे निघाली," म्हणालात. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. दादानं तुमचे तळवे दोन्ही हातांत धरले होते. मीरा वाचायची थांबली नाही. तुम्ही गेलात हे आम्हाला कळलं तरी ती पान संपेपर्यंत वाचत होती, आणि आम्ही तिला थांबवलं नाही.

विमान हवेत होतं. माईंना कळवायची काही सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी एकटाच गेलो. गर्दीतून त्या बाहेर आल्या, साडीवर पुरुषी स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात लोणच्याच्या बरण्यांची पिशवी. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"कशी आहे?"

मी वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते आठवेना. म्हणालो, "माई, काल दुपारी गेल्या."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. मग म्हणाल्या, "मी कुठं होते तेव्हा?"

"विमानात."

"मला तिच्याकडे ने. घरी नंतर."

फ्युनरल होममध्ये तुम्हाला हिरवी साडी नेसवून ठेवलं होतं. दादानं तुमच्या डोक्याला रेशमी रुमाल बांधायला दिला होता, माईंना पाहवणार नाही म्हणून. माईंनी तुमच्या कपाळावरून हात फिरवला आणि रुमालाची गाठ सोडायला लागल्या. मी म्हणालो, "माई, राहू द्या." त्यांनी ऐकलं नाही. रुमाल बाजूला झाला. औषध थांबवल्यानंतर तुम्हाला नवे केस फुटले होते, बोटाच्या पेराएवढे, मऊ, डोक्याला चिकटून बसलेले.

माई त्यांवरून तळवा फिरवत राहिल्या. पुढून मागे, पुढून मागे.

"जावळ आलंय रे हिला," म्हणाल्या. "जन्मली तेव्हा अस्संच होतं."

मग वाकून तुमच्या टाळूचा वास घेतला. तिथला माणूस रुमाल पुन्हा बांधायला पुढे आला, तर माईंनी त्याला हातानंच थांबवलं. आम्ही तुम्हाला तसंच नेलं.